किनाऱ्यावरच्या वाटेत रॅटलस्नेक दिसला. आईबाबांना पुन्हा न्यावं का?

किनारवाट
नमस्कार मंडळी. रॅटलस्नेक म्हणजे इथला शेपटीतला खुळखुळा वाजवणारा विषारी साप. आधी गेल्या शनिवारचा प्रसंग सांगते, मग प्रश्न विचारते.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोत राहतो. आईबाबा गुहागरहून तीन महिन्यांसाठी आलेत. घरात बसून दोघांनाही कंटाळा येतो, म्हणून शनिवार-रविवारी त्यांना मोकळ्या हवेत न्यायचं ठरवलंय. टोरी पाइन्सच्या राखीव जंगलात गाय फ्लेमिंग नावाची एक छोटी गोल वाट आहे. मैलभरही नाही, चढ फारसा नाही. एका बाजूला टोरी पाइनची वाकडीतिकडी झाडं, दुसऱ्या बाजूला कडा आणि खाली समुद्र. मे महिन्यात इथे सकाळभर समुद्रावरचं धुकं बसलेलं असतं. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते आणि नुकतंच ऊन पडलं होतं.

लेक (वय पाच) पुढे धावत होती. बाबांनी एकदम तिचा दंड धरला आणि जागच्या जागी थांबले. मला वाटलं ती कड्याकडे जातेय. मग आवाज आला. खरं सांगते, मला आधी वाटलं जवळपास कुठेतरी झाडांना पाणी घालायचा फवारा सुरू झालाय. खुळखुळ्यासारखा आवाज अजिबात नव्हता. तापल्या तव्यावर पाणी पडल्यावर चर्र होतं ना, तसा, पण न थांबणारा. सात-आठ फुटांवर बकव्हीटच्या झुडपाखाली मातीच्याच रंगाचं वेटोळं होतं. शेपटी उभी, आणि इतक्या जोरात हलत होती की तिच्या कडा पुसट दिसत होत्या. डोकं मात्र जराही हलत नव्हतं. मी त्या झुडपाकडे आधी बघितलं होतं, आणि मला तिथे काहीही दिसलं नव्हतं.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "त्याने सांगितलंन, आता आपण मागे व्हायचं." आम्ही पावलापावलाने मागे आलो. मिनिटभराने आवाज थांबला आणि तो झुडपात सरकत गेला.

बाबा शांत आहेत. आई मात्र म्हणते, पुन्हा तिकडे नको. नवऱ्याचंही तेच मत. मला वाटतं हे सोडून देऊ नये, पण पाच वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आईबाबा बरोबर असताना माझं वाटणं पुरेसं नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी सांगा: तुम्ही जाता का? कसे जाता? काय पाळता?

रात्रपाळी
मी कॅलिफोर्नियातच इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. तुमच्या बाबांनी केलं ते शंभर टक्के बरोबर. थांबायचं, आवाज कुठून येतोय ते बघायचं, मग मागे. आवाज ऐकून उडी मारणारे लोक कधीकधी सापाच्याच बाजूला उडी मारतात.

शंकेखोर
मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. फिरायला जागा काय कमी आहेत? वाळूवर चाला, बोर्डवॉकवर चाला. माझ्या घरामागे कॅन्यन, म्हणजे खोल घळ आहे, मागच्या वर्षी दोन रॅटलस्नेक अंगणात आले. घरात दीड वर्षाचं बाळ. एक सापवाले घेऊन गेले, दुसरा मी फावड्याने मारला. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

खारुताई
शंकेखोर, बाळ असताना भीती वाटणारच, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण फावडं घेऊन जवळ जाणं हाच सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. साप अंगाच्या साधारण निम्म्या लांबीइतका झेप घेतो, आणि फावड्याचा दांडा धरून माणूस नेमका तेवढ्याच अंतरात जातो. डोकं तुटल्यावरसुद्धा ते बराच वेळ चावू शकतं. अंगणासाठी कुंपण करा. पाव इंचाहून बारीक छिद्रांची जाळी, तीन फूट उंच, खालची कड काही इंच जमिनीत पुरलेली. फाटकाखालची फटही बुजवा. आणि लाकडं, विटा भिंतीला टेकवून ठेवू नका. उंदीर तिथे येतात, उंदरांमागे साप.

किनारवाट, मी त्याच भागात राहते. पंधरा वर्षं जाते, आतापर्यंत नऊ वेळा दिसला. नऊपैकी सहा वेळा त्याने आवाजच केला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "खुळखुळा वाजला नाही म्हणजे साप नाही" असं समजून लोक झुडपात हात घालतात. त्याचा पहिला उपाय गप्प बसणं हा आहे. रंगावर त्याचा भरवसा असतो, वाजवतो तो नाइलाज झाल्यावर.

सड्यावरचा
रत्नागिरीहून लिहितो. रॅटलस्नेक कधी बघितला नाही, पण किनारवाटच्या बाबांची नजर कुठून आली ते ओळखलं! आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावर फुरसं असतं. वीतभर-हातभर जनावर, दगड उचलला की खाली. तेही आधी सांगतं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं, करकरीत खवल्यांचा करवतीसारखा आवाज येतो. लहानपणी आजोबांनी शिकवलेलं, दगड उचलायचा तर आपल्या बाजूने उचलायचा नाही, पलीकडची कड वर करायची, म्हणजे खालचं जनावर पलीकडे जातं. आंब्याच्या दिवसांत पहाटे बागेत जाताना बॅटरी आणि काठी, आणि पायात बूट. चप्पल घालून गेलास तर घरी ओरडा.

तेव्हा बाबांना न्याच. तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त दिसेल.

निळा_सह्याद्री
@सड्यावरचा, छान लिहिलंत. एक भर घालतो. फुरसं आणि रॅटलस्नेक दोघेही व्हायपर कुळातले, पण रॅटलस्नेकचा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणजे चापडा. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोघांनाही एक खळगी असते, तिने उष्णता कळते. अंधारात उंदराचं गरम अंग त्याला जाणवतं. फुरशाला आणि घोणसाला ती खळगी नसते. आंबोलीत पावसाळ्यात चापडा बघितलेल्यांनी त्याचं तिकोनी डोकं आठवावं, रॅटलस्नेकचं तसंच.

आणि शेपटीबद्दल. खुळखुळा नखासारख्या केराटिनचा, पोकळ कड्या एकमेकींत अडकवलेला. आत दाणे वगैरे काही नसतात, कड्या कड्यांवर आपटतात. दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते. कात वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा टाकली जाते आणि टोकाच्या कड्या तुटतात, त्यामुळे कड्या मोजून वय काढता येत नाही. पिल्लाला एकच बटणासारखी कडी असते, तिचा आवाज होत नाही.

मालवणी_म्हावरा
ह्याका मराठीत काय म्हणायचा ते आधी ठरवा. रॅटलस्नेक लिहून बोटां दुखली. खुळखुळ्या?

भूभूची_आई
खुळखुळ्या म्हटलं तर पोरं उचलायला जातील! नको.

मालवणी_म्हावरा
ता पण खराच. मग ऱ्हवांदे.

किनाऱ्यावरचो साप म्हटल्यावर माका समुद्रसाप आठवतत. रापण ओढली की बांगड्या-तारल्यांबरोबर येतत, चपट्या शेपटीचे. माझो काको हातानं उचलून पाण्यात टाकी. आता समजता की ता किती वाईट. आपल्याकडचा विषावरचा औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसा ह्या चौघांसाठीच, समुद्रसापावर ता चालणा नाय. रापणीवाल्यांनी काठीनंच बाजूक करूचो.

वाळूचं_घर
टेक्सासहून. आमच्या किनाऱ्यावर, म्हणजे पाद्रे बेटापासून गॅल्व्हेस्टनपर्यंत, डायमंडबॅक नावाचा रॅटलस्नेक असतो. लोक समजतात वाळू म्हणजे साप नाही. भरतीच्या रेषेखालच्या ओल्या वाळूत नसतोच म्हणा, पण मागे गवताने भरलेल्या वाळूच्या टेकड्या असतात ना, तिथे उंदीर असतात आणि तिथेच हा. मुलांना त्या टेकड्यांवरून घसरगुंडी खेळायची असते. आम्ही सरळ सांगितलंय, टेकडी ओलांडायची ती फक्त लाकडी पुलावरून. आणि वाहून आलेले ओंडके! त्यावर बसायच्या आधी पलीकडची बाजू बघायची.

शंकेखोर "वाळूवर चाला" म्हणाले म्हणून हे लिहिलं.

दक्षिणवारा
फ्लोरिडात आल्यावर मला कळलं की हा साप समुद्रातही पोहतो. इथला ईस्टर्न डायमंडबॅक, रॅटलस्नेकांतला सगळ्यात मोठा. सहसा चार-पाच फूट, पण सात फुटांच्या पुढचेही नोंदलेले आहेत. किनाऱ्याजवळची बेटं असतात ना, त्या बेटांवर हा असतो आणि एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जातो. दोन वर्षांपूर्वी कयाकमधून जाताना मला वाटलं पाण्यात फांदी तरंगतेय. जवळ आल्यावर कळलं, फांदीला डोकं आहे. अख्खं अंग पाण्यावर, शेपटी वर उचललेली, कोरडी ठेवल्यासारखी. मी वल्हं वर घेतलं आणि थांबलो. तो माझ्या कयाकपुढून दहा-बारा फुटांवरून गेला, माझ्याकडे लक्षही दिलं नाही. किनाऱ्याला लागला, गवतात गेला. मी घरी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही, इतकं ते सुंदर होतं.

इथे गोफर कासवं जमिनीत लांबलचक बिळं करतात, त्या बिळांत हा राहतो. त्यामुळे बिळाच्या तोंडाशी बसून फोटो काढू नये.

भूभूची_आई
माझा अनुभव चांगला नाही, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. ऑरेंज काउंटीत समुद्राजवळच्या कॅन्यनमध्ये आमची लॅब्रॅडोर पट्टा लावलेली असूनही वाटेच्या कडेला नाक घालायला गेली. आवाज झाला नाही. तिने एकदम केकाटून डोकं मागे घेतलं. नाकावर दोन थेंब रक्त. दहा मिनिटांत थोबाड दुप्पट. जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात विषावरचं औषधच शिल्लक नव्हतं, तिथून दुसरीकडे पळालो, चाळीस मिनिटं गेली. वाचली, पण तीन दिवस ठेवावी लागली.

तेव्हापासून दोन गोष्टी करते. पट्टा लांब सुटणारा नाही, सहा फुटांचाच. आणि उन्हाळ्याच्या आधी फोन करून विचारून ठेवते, कुणाकडे औषध आहे. कुत्र्यांसाठी लस मिळते, आम्ही ती देतो, पण लस दिली तरी दवाखाना गाठावाच लागतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. (टोरी पाइन्सच्या राखीव भागात कुत्री नेता येत नाहीत, तेव्हा किनारवाटला ही काळजी नाही.)

रात्रपाळी
भूभूची_आई, बरं झालं लिहिलंत. माणसांबद्दल मी सांगते, कारण वर कुणी विचारलं नाही आणि हे माहीत असायलाच हवं.

चावला तर आधी सापापासून लांब व्हा. मग ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीला, फोन. अंगठी, घड्याळ, बांगड्या, बूट लगेच काढा, कारण सूज इतक्या वेगाने चढते की नंतर अंगठी कापून काढावी लागते. हात किंवा पाय साधारण हृदयाच्या पातळीवर, हलवायचा नाही. सुजेच्या कडेवर पेनाने रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. आम्हाला त्या रेघेचा फार उपयोग होतो.

दोरी किंवा फडका आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, बर्फ लावू नका. आपल्याकडच्या जुन्या पिढीचा हात आपोआप दोरीकडे जातो. माझ्या सासऱ्यांनीही तेच म्हटलं असतं. पण हे विष तिथल्या तिथे मांस खातं आणि रक्ताची गोठण्याची ताकद काढून घेतं. बांधून ठेवलं की ते एकाच जागी कोंडतं आणि तो भाग जास्त सडतो. साप पकडून आणू नका, मारूनही आणू नका. औषध सगळ्या रॅटलस्नेकांना एकच चालतं. इथे अशी दोन औषधं मिळतात, क्रोफॅब मेंढ्यांपासून बनवतात, ॲनाविप घोड्यांपासून. हाफकिनचं भारतातलं विषावरचं औषध इथे चालणार नाही, आणि इथलं तिथे.

अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात, दगावतात साधारण पाच. भारतात वर्षाला अंदाजे ५८,००० माणसं सर्पदंशाने जातात. हे आकडे शेजारी ठेवले की मला दर वेळी वाईट वाटतं. फक्त सापांमुळे हा फरक नाही, गाडी, रस्ता आणि औषध वेळेवर मिळत नाही म्हणूनही आहे. पण "पाचच" म्हणून इथेही निर्धास्त राहू नका. माझ्या समोर एका तरुण मुलाचं बोट गेलंय. दगडाच्या फटीत न बघता हात घातला होता.

शंकेखोर
रात्रपाळी, हा प्रतिसाद मी छापून फ्रिजवर लावतोय. खारुताई, कुंपणाचं बघतो. तरी एक विचारतो. सापवाल्यांनी नेलेला साप लांब सोडला असेल तर बरंच झालं ना?

निळा_सह्याद्री
सापासाठी नाही. लांब नेऊन सोडलेला साप आपल्या बिळाच्या शोधात भटकत राहतो. ओळखीच्या जागा नाहीत, सावली कुठे माहीत नाही, त्यात बरेच मरतात. जवळच, पण वस्तीबाहेर सोडणं बरं. पुण्यात मी सर्पमित्रांबरोबर काम केलंय, आमचाही अनुभव तोच. गोणीभर साप घाटात नेऊन सोडण्यात सापांचं भलं नसतं.

कट्ट्यावरची
कॅटालिना बेटावरच्या रॅटलस्नेकला खुळखुळाच नसतो असं वाचलंय. माणसं आवाज करणारे मारतात म्हणून मुके उरले म्हणे. मग लॉस एंजेलिसहून बोटीने जाणाऱ्यांनी काय करायचं?

खारुताई
दोन कॅटालिनांची सरमिसळ झाली! लॉस एंजेलिससमोरच्या सांता कॅटालिनावर रॅटलस्नेक आहे आणि त्याला व्यवस्थित खुळखुळा आहे. बिनखुळखुळ्याचा आहे तो मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात, तिथल्या इस्ला सांता कॅटालिनावर. जगात फक्त त्या एका बेटावर. आणि माणसं मारतात म्हणून सगळीकडचे रॅटलस्नेक मुके होत चाललेत या समजाला आधार नाही.

आता माझा आवडता विषय, नाव उगाच घेतलेलं नाही. किनाऱ्यावरच्या कड्यांवर ज्या तपकिरी जमिनीवरच्या खारी दिसतात, त्या रॅटलस्नेक दिसला की पळत नाहीत. समोर उभं राहून शेपटी फुलवून हलवतात, आणि शेपटीत रक्त सोडून ती गरम करतात. सापाला उष्णता दिसते हे त्यांना जणू ठाऊक आहे! बिनविषारी गोफर सापापुढे त्या शेपटी हलवतात पण गरम करत नाहीत, कारण त्याला उष्णतेची खळगी नाही. २००७ साली हे उष्णतेच्या कॅमेऱ्याने टिपलं गेलं. शिवाय टाकलेली कात चावून ती अंगाला चाटून लावतात, म्हणजे अंगाला सापाचा वास येतो. मी एकदा अर्धा तास एका खारीचं हे शेपटी हलवणं बघत बसले होते. शेवटी साप उठून गेला.

किनारवाट, तुमच्या लेकीला सांगा, खार एका जागी उभी राहून शेपटी झटकत असेल तर तिकडे जायचं नाही. मुलांना हे पटकन लक्षात राहतं.

धुक्यातला
सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला किनाऱ्यावर राहतो. इथे धुकं आणि गारठा इतका की किनाऱ्याला फार कमी दिसतात, डोंगर ओलांडून आत गेलं की जास्त. सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉलीत एमिली टेलर नावाच्या प्राध्यापिका आहेत, त्यांचं यावर बरंच काम आहे. रॅटलस्नेकला शरीर साधारण ३० अंशांच्या आसपास असलेलं आवडतं, किनाऱ्यावरच्या सापांना तेवढी ऊब सहसा मिळतच नाही. त्यामुळे धुकं हटून ऊन आलं की ते उघड्यावर येतात. किनारवाटला अकरा वाजता दिसला तो म्हणूनच. त्यांच्या गटाने सापांच्या वस्तीवर थेट कॅमेराही लावलाय. आया पिल्लांपाशी बसलेल्या दिसतात, पिल्लांची पहिली कात पडेपर्यंत त्या सोडून जात नाहीत. आईंना हे दाखवा असं सुचवतो.

सड्यावरचा
मी दाखवलं घरी. आमची आई म्हणाली, "बाळंतीण आहे ती, तिला कशाला त्रास देता?"

घाटकरीण
अवांतर होतंय पण विचारते. पिल्लाला विष आवरता येत नाही म्हणून ते जास्त धोकादायक, हे खरं का? आमच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात हा मेसेज फिरतो.

रात्रपाळी
नाही. मोठ्या सापाकडे विष कितीतरी जास्त असतं आणि त्याचे दंश सहसा जास्त गंभीर. पिल्लाचा आवाज येत नाही, ते दिसत नाही, एवढाच धोका. दोघांनाही डॉक्टर तोच.

किनारवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी येतेय, कारण मध्ये आईला पटवायला वेळ लागला. धुक्यातला, तुम्ही सांगितलेला कॅमेरा तिला दाखवला. दोन दिवस ती सकाळचा चहा घेऊन त्यासमोर बसत होती. मग रात्रपाळींचा प्रतिसाद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "काय करायचं ते माहीत आहे ना, मग जाऊ."

गेल्या रविवारी गेलो. सगळ्यांना घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड मोजे. लेक मधे, बाबा पुढे काठी घेऊन. वाटेच्या मधूनच चालायचं, बसायचं ते बाकावरच, आणि पाण्याची बाटली खाली पडली तर आधी बघायचं मग वाकायचं. कानात गाणी नाहीत. साडेआठला पोचलो, धुकं होतं, दहाच्या आत परत गाडीपाशी.

परतताना पाइनच्या वाळक्या सुयांच्या ढिगातून तोच आवाज! सगळे थांबलो. आईने लेकीला मागून धरलं. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा तो नव्हे." शेपटी सुयांमध्ये आपटत होती, आवाज सुयांचा होता. डोकं चपटं करून तिकोनी केलेलं, पण शेपटीचं टोक निमुळतं, खुळखुळा नाही. गोफर साप. विष नाही, सोंग मात्र पुरेपूर. तरी आम्ही तेवढंच अंतर ठेवलं. लेक म्हणाली, "आजोबा, तो खोटं बोलतोय?" बाबा म्हणाले, "घाबरलाय गं तो."

आता पुढच्या शनिवारी आईनेच ब्रोकन हिलची वाट म्हटलंय, कारण ती खाली समुद्रापर्यंत जाते.

खारुताई
ब्रोकन हिलला झुडपं वाटेच्या अगदी जवळ येतात, एकामागोमाग एक चाला. आणि भरतीची वेळ बघून जा. गोफर सापाचा फोटो आहे का?

किनारवाट
आहे, आईने काढलाय. शेपटी हलल्यामुळे पुसट आली आहे, डोकं मात्र स्पष्ट आहे. रात्री टाकते.